कैसर आडनावाची सुईण

आल्विने कैसरला एका जागी स्वस्थ बसलेलं हाल्मरोडा गावात कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी चर्चमध्येसुद्धा ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर अर्धवट टेकायची, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की तिच्या बुटाची टाच फरशीवर टकटक करू लागायची. सुईणीचा धंदा, पोरं काही वेळ सांगून येत नाहीत, म्हणून सवय लागली, असं ती म्हणायची. पण तिचा नवरा ट्राउगोट वेगळंच सांगे. तो खोगिरं शिवायचा. "देवाने हिला शिवली खरी, पण शेवटची गाठ मारायला विसरला," असं म्हणत तो हातातला दोरा दातांनी तोडायचा. ट्राउगोट छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं ते त्याचं आडनाव.

आडनावाची गंमत व्हायचीच. बर्लिनच्या राजवाड्यात एक कैसर, सगळ्या साम्राज्याचा धनी, आणि चांभारगल्लीच्या टोकाला ही दुसरी, वाटेल त्या घरात बाह्या सरसावून शिरणारी. पावाच्या रांगेत बाया तिला मुद्दाम वाट करून देत. "व्हा गं बाजूला, महाराणी आल्या!" आल्विनेही हनुवटी वर करून पुढे व्हायची. ती चेष्टा तिला चालायची. तिची पाठ वळल्यावर त्या म्हणायच्या ते मात्र निराळं होतं:

"कैसरबाई आली दारी, मागून येते कैसरची सुरी."

पोट कापून मूल काढण्याला आपण सरळ सीझर म्हणून मोकळे होतो. त्या लोकांच्या भाषेत त्याला कैसर-छेद म्हणतात. त्यामुळे या आडनावाची सुईण घरात घेणं म्हणजे अवदसेला आवतण, असं काही जुन्या बायकांच्या मनात पक्कं बसलं होतं. आल्विनेला हे ठाऊक होतं. आणि त्यातलं वाईट असं, की तिलाही मनातून तसंच वाटायचं. तिच्या धाकट्या बहिणीला, लीनाला, कैक वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या शहरातल्या इस्पितळात नेऊन तसंच कापलं होतं. मूल गेलं, आणि आठवड्याच्या आत लीनाही गेली. तेव्हापासून आल्विने त्या इस्पितळाच्या रस्त्यालाही फिरकली नव्हती.

पहिल्या महायुद्धाचा तो शेवटचा शरद ऋतू. गावात खायला सलगम, प्यायला भाजलेल्या जवाची कॉफी, आणि घराघरांत स्पॅनिश तापाची साथ. अशात झायबोल्ड मास्तरांची थेक्ला पोटुशी होती. मास्तर हायस्कुलातून लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. ताठ कण्याचे, विधुर. टोपीवर साम्राज्याच्या काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांचा बिल्ला घातल्याशिवाय ते पावाच्या रांगेतही उभे राहत नसत. जावई ओस्कार फ्रान्समध्ये रेल्वेच्या पलटणीत होता. थेक्लाला लहानपणी मुडदूस झालेला. तिची चाल पाहताच आल्विने समजली होती, की या पोरीची हाडं अरुंद आहेत.

"मास्तर, हिला महिनाभर आधी शहरात नेऊन ठेवलेली बरी," असं ती उन्हाळ्यात एकदा म्हणाली होती.

"त्या तापाच्या खाणीत? मुळीच नाही," मास्तर म्हणाले.

आल्विनेने पुन्हा विषय काढला नाही. घरी जाताना तिचा जीव थोडा हलका झाला होता. आपला जीव का हलका झाला, हे तिला पुरतं कळलं होतं, आणि तेच पुढे तिला डाचत राहिलं.

नोव्हेंबरात, शनिवारी, थेक्लाला कळा सुरू झाल्या. रविवारी सकाळ उजाडली तरी मूल जिथल्या तिथे. आल्विने पलंगाभोवती फिरत होती, खिडकीशी जात होती, परत येऊन हात लावून पाहत होती. अखेर तिने हात पुसले आणि बाहेर येऊन मास्तरांना म्हणाली, "माझ्या हातचं काम राहिलं नाही. आत्ता निघायचं."

"गाडी?"

"स्टेशन शिपायांनी अडवलंय. गाड्या बंद. काय गडबड आहे ती त्यांनाच माहीत. मी बिअरच्या कारखान्यातला घोडा सांगून ठेवलाय."

युद्धाने गावातले सगळे धड घोडे नेले होते. राहिला होता तो एक, एका डोळ्याने आंधळा, आणि त्याला हाकणारा गोटलीबबाबा, तोही जवळपास तेवढ्याच वयाचा. पिंपं उतरवून गाडीत पेंढा पसरला, त्यावर गाद्या टाकल्या. थेक्लाला घोंगड्यांत गुंडाळून वर चढवलं. आल्विने तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसली. मास्तर पायथ्याशी, टोपी बिल्ल्यासकट डोक्यावर.

गाव मागे पडलं आणि मास्तर बोलू लागले. भ्यालेला माणूस एक तर गप्प होतो, नाही तर थांबतच नाही. मास्तर दुसऱ्या जातीचे.

"कैसरबाई, तुमच्या आडनावाचा अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला?"

"सम्राट. त्यात काय ठाऊक असायचं?"

"तिथेच चूक होते. मूळ शब्दात राज्यबिज्य काही नाही. रोममधल्या एका घराण्याचं ते आडनाव. सीझर. त्या काळचे लोक उच्चार करायचे काइसार. आपले पूर्वज तेव्हा जंगलात अस्वलाची कातडी पांघरून फिरत होते. त्यांनी तो सरहद्दीवर रोमन शिपायांच्या तोंडून ऐकला, आणि जसा ऐकला तसा ठेवला. इतरांच्या जिभेवर तो झिजला, कुठे सीझर झाला, रशियात झार झाला. आपण कैसर राखला."

"मास्तर, तिच्या पायावरचं घोंगडं सरकलंय."

मास्तरांनी घोंगडं ओढलं, पण जीभ थांबली नाही. "त्या घराण्यातल्या मोठ्या सीझरने आपल्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलं. त्याने आडनाव लावलं. पुढच्याने त्याचं लावलं. रक्ताचं नातं संपलं, तरी नाव कुणी सोडीना. कारण त्या नावाला लोक भ्यायचे. असं करता करता नावाचीच पदवी झाली."

आल्विने थेक्लाची नाडी पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे आडनावाचं पद झालं, आणि आमच्याकडे पदाचं आडनाव. माझा सासरा तर कातडी कमवायचा. त्याच्या अंगाच्या वासाने कुत्री पळायची. त्याच्या घराण्याला कुणी कैसर केलं?"

"एखादा पूर्वज जत्रेतल्या नाटकात चमकीचा मुकुट घालून सम्राट झाला असेल. किंवा नुसताच ऐटीत चालत असेल. गावं अशीच नावं ठेवतात."

"ऐट होती खरी," आल्विने म्हणाली. पेंढ्यातून थेक्ला क्षीणसं हसली. मग कळ आली आणि तिने आल्विनेच्या मनगटात नखं रुतवली. कळ ओसरेपर्यंत कुणी बोललं नाही. चाकं तेवढी चिखलात चुबुक चुबुक करत होती.

मास्तरांना ती शांतता सोसेना. "आता खुद्द सीझर या शब्दाचा अर्थ काय, यावर पंडितांत एकमत नाही. काही म्हणतात, दाट केसांचा." त्या लॅटिन शब्दाचं आपल्या मराठी 'केस' या शब्दाशी काही नातं आहे की नाही, देव जाणे. मास्तर पुढे म्हणाले, "गंमत अशी, की तो मोठा सीझर टकला होता, टक्कल झाकायला डोक्यावर पानांची माळ घालायचा. काही म्हणतात, त्याच्या पूर्वजाने हत्ती मारला, आणि हत्तीला तिकडच्या भाषेत जे म्हणत त्यावरून हे नाव आलं. आणि काही म्हणतात..."

ते एकदम थांबले.

"आणि काही काय म्हणतात?" आल्विनेने विचारलं.

मास्तर रस्त्याकडे पाहू लागले. उत्तर पेंढ्यातून आलं. थेक्ला म्हणाली, "सांगा की, बाबा. वर्गात दरवर्षी सांगायचात. कापणं या शब्दावरून. त्या घराण्यातला पहिला माणूस आईचं पोट कापून काढला होता. म्हणून सीझर, आणि म्हणून कैसर-छेद."

"नुसती दंतकथा आहे ती," मास्तर पुटपुटले.

"आणि त्याची आई?" हा प्रश्न आल्विनेच्या तोंडून निसटला.

"तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण बाई, मोठ्या सीझरची आई म्हातारी होऊन मेली. मुलगा सेनापती झालेला पाहिला तिने. म्हणजे निदान त्याचा जन्म तरी..."

"तसा झाला नव्हता," थेक्लाने वाक्य पुरं केलं. तिने मान वळवून आल्विनेकडे पाहिलं. "कैसरबाई, माझं तेच करणार ना?"

"हो."

"बायका जगतात?"

आल्विनेच्या डोळ्यांपुढे लीनाचा चेहरा उभा राहिला. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते तिच्या जिभेवर येईना. "तेव्हा जगायच्या नाहीत. आता जगतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच जगतात."

थेक्लाने डोळे मिटले. "मग गोटलीबबाबांना म्हणावं, जोरात हाका."

पण उन्स्ट्रूट नदीच्या पुलावर लाकूड आडवं टाकलेलं होतं. दंडाला बंडाची लाल फडकी बांधलेले पाच-सहा शिपाई शेकोटीभोवती उभे होते. कुणाच्याही खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या नव्हत्या. उसवलेल्या जागी नुसते दोरे लोंबत होते. त्यांतला एक नकटा, दाढीचे खुंट वाढलेला, पुढे आला.

"थांबा! कोण? कुठे?"

"बाळंतीण अडलीय. इस्पितळात नेतोय."

"नाव?"

"तिचं की माझं?"

"तुझं, मावशी. गाडीची पुढारी तूच दिसतेस."

"कैसर."

शेकोटीपाशी हशा उसळला. "ऐकलं का रे! तिकडे कैसर गादी सोडून बसला, आणि इकडे बिअरच्या गाडीतून पळतोय!"

"हसून झालं असेल तर लाकूड उचल," आल्विने म्हणाली. तिचा पाय गाडीच्या फळीवर ताल धरत होता.

नकटा लाकडाला हात घालणार, इतक्यात त्याचं लक्ष मास्तरांच्या टोपीकडे गेलं. "आजोबा, तो बिल्ला काढा आधी. आजपासून ते बंद."

मास्तर उठून उभे राहिले. "गादी सोडली म्हणजे? कुणी सोडली?"

"ज्याचा बिल्ला लावलाय त्याने. काल दुपारी बर्लिनहून बातमी आली. तुम्ही काय झोपला होता?"

काल दुपारी मास्तरांच्या घरात थेक्लाच्या कळांखेरीज दुसरी कसली बातमी नव्हती. मास्तरांनी जोराने मान हलवली. "खोटं! तो आपलं सैन्य टाकून जाणार नाही."

"आम्हीच ते सैन्य," मागून एक जण म्हणाला. "काढा बिल्ला."

"ज्याने तो दिला तो काढायला सांगेल तेव्हा काढीन."

"मग बसा इथेच त्याची वाट बघत!"

मास्तरांनी टोपी दोन्ही हातांनी गच्च धरली. शिपाई चिडले. गोटलीबबाबा 'अहो मास्तर, अहो मास्तर' करत होते. गाडीत थेक्ला किंचाळली, आणि त्या किंकाळीत आल्विनेने जे ऐकलं ते बाकी कुणाला कळण्यासारखं नव्हतं. पोरीची ताकद संपत आली होती.

ती उठली. मास्तरांच्या डोक्यावरची टोपी तिने ओढून घेतली, बिल्ला उपटला, पिन अंगठ्यात खसकन घुसली, आणि तिने तो कठड्यावरून नदीत भिरकावला. टोपी मास्तरांच्या छातीवर आपटली.

"तुम्हाला तो अधिकार नव्हता," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"नव्हता. बसा खाली. गोटलीबबाबा, हाका!"

लाकूड वर गेलं. गाडी पुलावर चढली तसा तो नकटा शिपाई धावत आला आणि पुढच्या फळीवर उडी मारून बसला. "पुढे अजून चौकी आहे," तो मागे न बघता म्हणाला. "तिथे पुन्हा नाव सांगशील मावशी, आणि पुन्हा खोळंबा. मी बोलतो त्यांच्याशी." शहरापर्यंत तो तसाच थंडीत बसून आला. इस्पितळाच्या दारात त्यानेच थेक्लाला उचलून आत नेलं, आणि कुणी आभार मानायच्या आत निघूनही गेला.

आत सगळ्या बोळांत तापाचे रोगी. डॉक्टर ओलेनडॉर्फ लढाईवरून हात दुखावून परतलेला, पोरसवदा, पण डोळ्यांत कैक वर्षांची झोप साचलेला माणूस. त्याने थेक्लाला तपासलं. "उशीर झालाय. फार नाही झालेला. आत्ताच करू." मग आल्विनेकडे वळून म्हणाला, "तुम्ही सुईण ना? माझ्या परिचारिका अंथरुणावर आहेत. हात धुऊन या."

बाहेर थांबेन म्हणायला आल्विनेने तोंड उघडलंही होतं. पण थेक्लाने तिच्याकडे पाहिलं, आणि ती नळाकडे गेली. कोपरापर्यंत हात धुताना अंगठ्यातलं रक्त थांबेना, म्हणून तिने तिथे पट्टी बांधून घेतली.

जिला ती आयुष्यभर भीत आली होती ती सुरी तिने त्या दिवशी हातभर अंतरावरून पाहिली. तिला वाटलं होतं, काहीतरी राक्षसी असेल. तसं नव्हतं. डॉक्टरचे दुखरे हात शांतपणे, न थांबता काम करत होते. मग तिच्या ओंजळीत एक निळसर, घसरडं, गप्प पोर आलं आणि तिथून पुढचं काम तिच्या ओळखीचं होतं. तिने पोर उलटं धरलं, चोळलं, तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठीवर थापटलं. पोर रडलं. मुलगी होती.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. थेक्लाला ताप चढला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्या घंटा वाजल्या. लढाई थांबली होती. लोक रस्त्यावर येऊन रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, काही जण नुसतेच भिंतीला टेकून उभे होते. आल्विने बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. लीनाचा तापही असाच चढला होता. "बाई, फरशी झिजेल," एक परिचारिका म्हणाली. आल्विने टोकाशी वळून पुन्हा निघाली.

मास्तर बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. एकदाच, ती समोरून जाताना, ते एकाएकी म्हणाले, "उन्हाळ्यातच तुम्ही हट्ट का नाही धरलात? तुम्हाला कळत होतं."

"तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाहीच म्हणणार. मी घाबरलो होतो. मला यातलं काय कळतं? तुमचं ते काम होतं!"

ती पुढे चालत गेली. टोकाच्या खिडकीशी थांबून तिने काचेला कपाळ टेकलं. मागे फिरली तेव्हा मास्तर हातांच्या ओंजळीत तोंड लपवून बसले होते. कैसरसाठी रडत होते की लेकीसाठी, की आणखी कशासाठी, कोण सांगणार! तिने त्यांच्या शेजारी गरम कॉफीचा पेला ठेवला आणि पुन्हा चालू लागली.

ताप उतरायला बरेच दिवस गेले. उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. एका सकाळी थेक्लाने डोळे उघडले आणि कुरकुरली, "घरी आलूबुखाराचा मुरंबा शिल्लक आहे ना? मला पावावर लावून हवाय. जाड लावून." मास्तर धडपडत उठले, जणू मुरंबा त्या बोळातच कुठे मांडून ठेवला होता. आल्विने मात्र बाकावर बसली आणि बसल्या बसल्या, पाठ ताठ ठेवून, गाढ झोपली. तिला कुणी उठवलं नाही.

मुलीचं नाव मास्तरांनी इरेने ठेवलं. ग्रीक शब्द, अर्थ शांतता. ती पोर इतकी रडकी निघाली, की डिसेंबरात घरी परतलेला ओस्कार म्हणायचा, "याहून तोफा बऱ्या होत्या."

त्याच सुमारास गावातल्या नव्या मंडळाने जुन्या पाट्या उतरवायला घेतल्या. कैसर रस्त्याचा स्वातंत्र्य रस्ता झाला. शिडी घेतलेले दोघे जण चांभारगल्लीतही पोचले आणि आल्विनेच्या दारावरच्या 'कैसर' या अक्षरांपुढे उभे राहिले.

"ही पण उतरवायची," एक जण म्हणाला.

"उतरव. मग अडलेल्या बायकांच्या नवऱ्यांनी सुईण शोधायची कशी? तुझीच बायको भरत आलीय ना, हान्सेमान?"

"पण बाई, कैसर गेला आता."

"तुमचा गेला असेल. माझा तर आधीच गेलाय, आणि तो खोगिरं शिवायचा."

पलीकडच्या फुटपाथवर झायबोल्ड मास्तर उभे होते. पुलावरच्या त्या दिवसाबद्दल त्यांनी तिला क्षमा केली नव्हती. रस्त्यात भेटले तर टोपीला हात लावत, पण शब्द नाही. आज मात्र ते रस्ता ओलांडून आले आणि शिडीवाल्यांना आडनाव आणि पदवी यांतला फरक समजावून सांगू लागले. अस्वलाच्या कातड्यांपर्यंत पोचले, तेव्हा दोघांनी शिडी खांद्यावर टाकली. "राहू दे ती पाटी," हान्सेमान वैतागून म्हणाला. "पण मास्तर, पुरे!"

पावाच्या रांगेतलं ते जुनं यमक नंतरही पुरतं मेलं नाही. म्हाताऱ्या म्हणत राहिल्या. फरक एवढाच पडला, की अरुंद हाडाची पोर दिसली की आल्विने आता नवऱ्याला, सासूला, बापाला, कुणालाही जुमानत नसे. ती सरळ गाडी सांगून यायची. एकदोघी घाबरून दुसऱ्या सुईणीकडे गेल्या. एक, माळ्याची सून, तर तिने शहरात नेऊनही वाचली नाही. तेव्हा आल्विने तीन दिवस घराबाहेर पडली नाही, आणि चौथ्या दिवशी बोलावणं आलं तशी पिशवी उचलून निघाली.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, निवडणूक झाली. बायकांना प्रथमच मत. शाळेच्या सभागृहात रांग लागली होती, आणि आल्विने रांगेत एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभी होती. तिच्या पुढे थेक्ला, कडेवर किंचाळणारी इरेने.

टेबलामागच्या माणसाने पुकारा केला, "कैसर, आल्विने!"

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. टेबलामागचा माणूसही. आल्विनेने हनुवटी वर केली, चिठ्ठीचं पाकीट पेटीच्या फटीत सारलं, आणि पेटीकडे बघत उभी राहिली.

"झालं? एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, बाई."

"मग माझ्या मागच्या बाईला येऊ द्या. तिच्या पायांवर सूज आहे, तिला ताटकळत ठेवू नका." आणि थेक्लाच्या कडेवरची रडणारी पोर आपल्या खांद्यावर घेऊन, तिच्या पाठीवर थोपटत, ती बर्फातून भराभरा चालू लागली.